एकोणऐंशी टक्के धोंडीबा

प्रिय हर्षाली,

बदलीचा आदेश मिळाला असेल. सोमवारी तू माझ्या खुर्चीत बसशील आणि मी परंड्याला बंदोबस्तावर. ट्रेनिंगमध्ये माझ्या बुटांना पॉलिश तूच करायचीस, तेव्हा खुर्ची गरम करून दिली एवढी परतफेड समज.

बदली का झाली, ते मात्र माझ्याकडूनच ऐक. गेल्या रविवारी बाजारातल्या कॅमेऱ्यानं एक चेहरा धरला. पडद्यावर फरारी मेंढीचोराचा जुना फोटो, शेजारी पटका बांधलेले धोंडीबा मेंढपाळ. जुळणी एकोणऐंशी टक्के. मी 'जुळतो'चं बटण दाबलं. दहा मिनिटांत म्हातारा ठाण्यात, आणि दोनशे मेंढरं माळावर एकट्या हरणाबाईंच्या गळ्यात. हरणाबाई म्हणजे त्यांची बायको, सत्तरीची.

फोटो, बोटांचे ठसे, सगळं घेऊन झालं. मग धोंडीबा म्हणाले, "बाई, त्यो चोर दावा की मला." नियमात बसत नव्हतं, तरी मी पडदा फिरवला. त्यांनी एकदाच पाहिलं आणि पटका काढला. "तोंड काय बघता? कान बघा. त्याची पाळी गालाला चिकटलीया, माझी लोंबतीया. आमी मेंढरू कानावरनं वळखतो. अजून चुकलो न्हाय."

हवालदार भागवतमामा हसले, "बाबा, तुमाला भरतीच करून घेतो आता."

"नगं. तुमच्या कळपात लई गोंधळ हाय."

फोटो मोठा केला. म्हातारा खरं बोलत होता. पुढं ठसेही जुळले नाहीत, धोंडीबांना सोडलं. साहेब म्हणाले, "मशीन चुकलं असं लिही." मी लिहिलं, मशीननं अंदाज दिला, माणूस समोर नसताना बटण मी दाबलं. म्हणून परंडा. बरोबर तेच लिहिलं, त्यामुळं झोप छान लागते.

पत्राचं कारण मात्र वेगळं आहे. धोंडीबा सुटले तरी त्यांचा फोटो आणि ठसे अजून संशयितांच्या यादीतच आहेत. पुढच्या महिन्यात कळप तामलवाडीकडं निघेल आणि वाटेत कुठलाही कॅमेरा त्यांना पुन्हा धरेल. नोंद काढून टाकायचा अर्ज मी त्यांच्याकडून करून घेतलाय. आदेश येईल तो तुझ्या टेबलावर. तो 'नंतर बघू'च्या फायलीत जाऊ देऊ नकोस. त्याच दिवशी नोंद काढ आणि तसं लिहून हरणाबाईंच्या हातात दे. खुशाल निघा, असं मी दोघांना तुझं नाव घेऊन सांगितलंय.

तुझीच,
अक्षदा