नऊ आडवे छेद

धुळे, ३ नोव्हेंबर १९३३

आज पुन्हा मीच जिंकलो! दवाखान्याचे मोठे डॉक्टर कर्णिकसाहेब, त्यांच्या उभ्या छेदाची भिकुबाई परत आली. कपाशीचं गाठोडं उचललं आणि टाक्यांच्या जागी पोट पुढे आलं — अंतर्गळ. वर्षभरातली ही तिसरी. माझ्या नऊ आडव्या छेदांपैकी एकही परत नाही! साहेब चष्मा पुसत राहिले. मला हसू आवरलं नाही. आवरायला हवं होतं.

८ नोव्हेंबर

आमचा वाद एवढाच. साहेब बेंबीखाली उभं कापतात आणि पोटात झटकन पोचतात. मी ओटीपोटावर आडवं कापतो. वेळ लागतो, पण आतले स्नायू कापावे लागत नाहीत, बाजूला सारता येतात. व्रण पक्का होतो. ओझी वाहणाऱ्या बाईला असाच व्रण हवा. साहेबांनी डोंगराकडच्या बायका माझ्या गळ्यात मारल्या, त्याच मला पावल्या म्हणायच्या. नऊही जणींच्या पोटातल्या गाठी काढल्या.

अर्धं श्रेय वॉर्डातल्या आया मंजुळाबाईंचं. पहिली बाई जमना. टेबलावर झोपेचना. तेव्हा मंजुळाबाईंनी माझ्या कानात सांगितलं — यांच्या पाड्यावर पटकी आली की भगत वेशीवर राखेची आडवी रेघ मारतो. मग आतला बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. मी लगेच जमनाला म्हटलं, तुझ्या पोटावर तशीच रेघ मारतो, दुखणं ती ओलांडणार नाही. गुमान झोपली! तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगत आलो. क्लोरोफॉर्म निम्मा पुरतो.

१९ नोव्हेंबर

दोन्ही छेदांच्या तुलनेचं टिपण मुंबईच्या मासिकाला पाठवलं. आबांनाही अमळनेरला कळवलं. मुलगा छापून येणार!

२ डिसेंबर



जमनाचा नवरा चैत्राम आला होता. कुऱ्हाडीने हात कापलेला. टाके घालता घालता सहज विचारलं, जमना कशी आहे? तो म्हणाला, "ती ते मरी गई."

भर पावसाळ्यात. व्रणाशेजारी फुगवटा आला, दगडासारखा घट्ट झाला, चार दिवस ओकत होती. आतडं अडकलं — दुसरं काय! चार दिवस! तेवढ्यात बैलगाडीनेसुद्धा धुळं गाठता आलं असतं. मी ओरडलोच त्याच्यावर, आणली का नाही म्हणून. तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही, नवल वाटल्यासारखा.

"तुम्हीच बोलनात, रेघ मारी दिनी. मंग ती आम्हीन कशी वलांडानी?"

पुढे म्हणाला, रेघ मारल्यावर दवाखान्याकडे परत फिरलं तर दुखणं बठ्ठ्या — सगळ्या — गावात शिरतं. शेवटी शेवटी जमनाच दवाखान्यात जाते म्हणत होती. त्यांनी तिला धरून ठेवलं.

मी त्याच्या हातात उरलेले टाके कसे घातले, आठवत नाही.

३ डिसेंबर

परत आल्या नाहीत म्हणजे बऱ्या झाल्या — हे मी कोणत्या अकलेने धरून चाललो? आणि वर छापायला पाठवलं!

साहेबांना सगळं सांगितलं. वाटलं, आता खरडपट्टी. ते एवढंच म्हणाले, "माझ्या तिघी परत आल्या, म्हणून त्यांना पुन्हा शिवता तरी आलं." शिव्या परवडल्या असत्या.

मासिकाला तार केली — टिपण छापू नये.

हातासाठी वॉर्डात ठेवून घेतलेल्या चैत्रामला विचारलं, रेघ मोडायची कशी? म्हणाला, ज्याने मारली त्यानेच पायाने पुसायची, लोकांसमोर.

७ डिसेंबर

शिरपूरच्या वरच्या अंगाला डोंगरपायथ्याशी बाजार भरतो, तिथे गेलो. सगळ्या पाड्यांची माणसं असतात. चैत्रामने वाटेवर राखेची रेघ ओढली. मी बूट-मोजे काढले आणि भर बाजारात ती पायाने पुसली. म्हणालो, मी चुकीचं बोललो. रेघ मोडली. पोट दुखो न दुखो, ज्यांना मी कापलं त्या सगळ्यांनी या. जमना गेली, पण आठ जणी आहेत, त्यांना सांगा.

एक म्हातारी माझ्या राखेने भरलेल्या पायाकडे बघत होती. लाज वाटली, पण बरंही वाटलं.

१० डिसेंबर

कोणी नाही. मंजुळाबाईंनी आठ खाटा झाडून ठेवल्यात.

१२ डिसेंबर

कोणी नाही.

१४ डिसेंबर

आल्या! सकाळी अंगणात दोन बैलगाड्या येऊन थांबल्या. बिजलीबाई — माझा चौथा छेद — आधी आत आली, धडधाकट, हसत. म्हणाली, "डाक्टरभाऊ, बठ्ठ्या उन्यात. एक बी मांगे नही राहिनी."

धावत बाहेर गेलो. निंबाखाली बसल्या होत्या. बिजलीबाईला धरून दोनदा मोजल्या.

पाच.