राजाबाईचा हात

छत्रपती संभाजीनगर,
३ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस अमृताचा सा. न. वि. वि.

बाळी सहा महिन्यांची झाली, दोन दात आलेत. अंगद शेंद्र्याच्या कारखान्यातून आले की तिला सोडतच नाहीत.

फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते. सिझेरियनची जखम भरली, पण वण दोरीसारखा फुगलाय, टाक्यांच्या बाहेर पसरतोय, खाजतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे किलॉइड. जखम भरली तरी शरीर थांबत नाही, कातडी रचतच राहतं. टाके घालणाऱ्याचा यात दोष नसतो. बऱ्याचदा हे घराण्यातून येतं. घरात कुणाला आहे, विचारत होत्या. मला आईच्या कानांवरच्या गाठी आठवल्या. आई आता नाही, म्हणून तुला विचारते. बाळीचे कान टोचायचे की नाही, ते तुझ्या उत्तरावर ठरेल.

तुझी माया अशीच राहू दे.
अमृता

सोयगाव,
१० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अमृता हिस आजीचे लई आशीर्वाद.

पत्र उन्हात बसून दोनदा वाचलं. दोन दात! एकटीच हसले. यंदा मेंढ्यांची कातरण बरी झाली. कातरी लागून मेंढीचं कातडं फाटतं, महिन्यात खूण दिसत नाय. आपलंच रक्त असलं हट्टी का गं?

विचारलंस तर सांगते. मला पण हाय. डाव्या कानामागं, बोराएवढी. माहेरी कान टोचले तवाची. जलमभर पदराखाली ठेवली.

तुझ्या आईचे, अंबिकाचे कान माझ्या नणंदेनं, राजाबाईनं टोचले. साऱ्या वाडीच्या लेकरांचे कान तीच टोचायची. अंबिकाला गाठी आल्या तशी मी सगळ्यांदेखत म्हटलं, हिचा हातच वाईट. माझी गाठ मला ठाऊक होती. पण ती दाखवली असती तर सासूनं खोट माझ्यात काढली असती. त्यानंतर राजाबाईकडं कुणी लेकरू नेलं नाय. पंचेचाळीस वर्षं ती माझा उंबरा चढली नाय.

काल तिच्या घरी गेले. पदर काढून कान दाखवला. तिनं मला उजेडाकडं वळवलं. रडली नाय, भांडली नाय. बोटानं गाठ चाचपली आन् म्हणाली की दुखत असंल तर लपवायची कशाला.

बाळीचे कान टोचू नको. तिच्या कानांसाठी मी ठेवलेल्या सोन्याच्या बाळ्या राजाबाईनं काळ्या दोऱ्यात ओवल्यात, मनगटाला बांधायला. रविवारी आम्ही दोघी येतोय. शेजारपाजार बोलावून ठेव. बाळीला आधी राजाबाईच्या हातात दे, सगळ्यांदेखत.

आजीवरचा जीव कमी करू नको.
सत्यभामा