बैलाच्या कातड्याएवढी जागा

॥ श्री ॥
बार्शी, ६ जानेवारी २०२५

चि. नंदूस,
गोदाक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं शेजारची वच्छला ऐकते, म्हणून पत्र. गुडघा कसा आहे? कविता म्हणत जिना उतरू नकोस, पायऱ्या चुकतात.

माझ्या श्रावणीला करकंबचं स्थळ आलंय. मुलगा ऋतुराज. त्याचे वडील आप्पा बघायला आले तेव्हा छाती फुगवून म्हणाले, की आमचं पोरगं पुण्यात टायरवर डॉक्टर व्हतंय. मी मान हलवली, पण मनात पाल चुकचुकली. टायरवर कुणी डॉक्टर होतं का रे? त्यात वच्छला करकंबच्या बाजाराला गेली, तर हाच मुलगा एका दुकानापुढे ट्रॅक्टरचं चाक खोलताना दिसला. हात कोपरापर्यंत काळे. म्हणजे पंक्चर काढणारा डॉक्टर म्हणून खपवताहेत की! पंक्चर काढण्याला माझी ना नाही, खोटं बोलण्याला आहे. वर म्हणतात, आम्हाला काही नको, नारळ आणि मुलगी द्या. काही नको म्हणणाऱ्यांची मला लई भीती वाटते.

श्रावणीला विचारलं तर नुसती हसते. साखरपुड्याला जांभळीच साडी हवी म्हणून हटून बसलीय. का, ते सांगत नाही. तिची आई गेल्यापासून नात माझ्या पदराखाली वाढली. ती फसली तर मी कुठं जाऊ? संक्रांतीनंतर होकार की नकार, ते कळवायचंय. तू जन्मभर मास्तरकीत थापा मारणारी पोरं ओळखलीस. त्याला घरी बोलाव नि पारख.

वहिनी असती तर हे तिलाच सांगितलं असतं. आता तूच आहेस.
गोदाक्का


जुळे सोलापूर, १४ जानेवारी २०२५

ती. गोदाक्कास,
नंदूचा शि. सा. नमस्कार. तिळगूळ सोबत आहे. गोड बोल म्हणायची माझी प्राज्ञा नाही.

मुलगा आला. तुझा संशय मलाही डसला होता, म्हणून चहा देतानाच विचारलं, की बाबा, टायर कशाचं बनतं? तो म्हणाला, दगडाचं, आणि सभोवती समुद्र. मी कप खाली ठेवला. विचारलं, हवा किती लागते? म्हणाला, हवा छान असते असं ऐकलंय, अजून जायचा योग आला नाही. अक्का, मला वाटलं, पोरगं डोक्यातून गेलंय.

मग उलगडा झाला. टायर हे गावाचं नाव आहे! भूमध्य समुद्राकाठचं बंदर, आज लेबनॉन देशात. त्याच्या प्राचीन इतिहासावर ऋतुराजचं पीएच.डी.चं संशोधन चाललंय. तीनेक हजार वर्षांपूर्वी ते भर समुद्रातल्या बेटावर नांदत होतं. तिथले लोक समुद्री गोगलगायींतून जांभळा रंग काढत. इतका महाग, की राजांनीच ल्यावा. (साडीचं कोडं सुटलं? तुझी नात त्याच्याशी आधीपासून बोलतेय.) सिकंदर आला तेव्हा बेट हाती लागेना. त्याने किनाऱ्यावरचं जुनं गाव पाडलं आणि त्याच दगडांचा समुद्रात बांध घातला. बांधाला गाळ धरला, बेट कायमचं जमिनीला चिकटलं.

तो सांगत होता आणि मी आपल्या एका खोलीच्या शाळेत जाऊन बसलो. समुद्राची कविता आपण कशी डोलत म्हणायचो, आठवतं? समुद्र मास्तरांनीही पाहिला नव्हता. लाटा म्हणताना ते हात हलवायचे आणि भिजायचो आपण.

पण मी भुललो नाही हं. काळ्या हातांचं विचारलंच. मान खाली घालून म्हणाला, की दुकान आप्पांचंच. सुट्टीत तोही बसतो. शिकलेल्या घरात दुकानाचं नाव काढू नको, अशी आप्पांची ताकीद होती. म्हणजे एक टायर सांगितलं, दुसरं झाकलं. हे मला खटकलं.

जाताना त्याने तिथली एक दंतकथा सांगितली. टायरच्या राजाने धनासाठी बहिणीच्या नवऱ्याला मारलं. (भाऊ असेही असतात, तुला मी बराच मिळालो.) बहीण एलिसा जहाजातून निसटली, परमुलखात उतरली आणि तिथल्या लोकांकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जागा मागितली. त्यांनी हसत दिली. तिने कातड्याच्या दोऱ्यासारख्या पट्ट्या कापून अख्खी टेकडी वेढली आणि नगर वसवलं.

आता निकाल तूच दे. समुद्र म्हटलं की माझ्या हातून मार्क सैल सुटतात.

रागावलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.
तुझा नंदू


बार्शी, २० जानेवारी २०२५

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्राने संशय फिटायचा तो वाढला. काही नको म्हणणारी ही माणसं आणि कातड्याएवढी जागा मागणारी ती बाई, एकाच शाळेतली! आज दुकान झाकणारा उद्या काय काय झाकेल? म्हणून त्यालाच बोलावलं. आणि सकाळीच श्रावणीच्या जुन्या स्कूटीच्या चाकात खिळा ठोकून ठेवला. तिला सांगू नकोस.

काल आला, इस्त्रीच्या शर्टात. मी आत ये म्हटलं नाही. तो म्हणाला, आजी, उंबऱ्याशी टेकतो, एवढी जागा बास. मी म्हटलं, गाडी बसलीय बघ, गल्लीत कुणी माणूस मिळतो का. त्याने गल्लीकडे बघितलंच नाही. बाह्या दुमडल्या, बादलीभर पाणी मागितलं, आपल्या गाडीतून हत्यारं आणली आणि भर रस्त्यात मांडी घातली. वच्छलाने गॅलरीतून विचारलं, की डॉक्टर ते तुमीच काय? हात न थांबवता म्हणाला, की व्हय, दोन्ही टायरचा. सगळी गल्ली हसली. तोही हसला. मग खिळा माझ्या हातात ठेवून हळूच म्हणाला, की हा नवा दिसतोय, आजी.

होकार कळवलाय. साडी जांभळीच घेणार. आप्पांनाही निरोप दिलाय, की साखरपुड्यात दुकानाचं नाव मोठ्यांदा सांगा.

एक तक्रार मात्र आहे. हात धुवायला तो मोरीत गेला, पाणी प्यायला माजघरात, भाकरी कशी फुगते ते बघायला थेट माझ्या ओट्यापाशी. उंबऱ्याएवढी जागा मागितली होती रे त्याने. संध्याकाळी बघते, तर अख्खं घर वेढलेलं.

तू लवकर ये. तुझ्यापुरती जागा मी राखून ठेवलीय.
गोदाक्का