गुडघ्यावर बसून चेंडू देण्याच्या अटीसह

मी, चामड्याच्या पिशव्या शिवणारी, वडिलांची थोरली मुलगी, आज सकाळी चहा पिऊन, चष्मा पुसून, खिडकीशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, उलट घरातले सगळे म्हणतात, "आत्ताच कशाला हे अभद्र?" येत्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना ते खिडकीबाहेर बघत होते. डोळे मिटले की चेंडू सुटतो, हे मी बेसबॉल शिकवताना पोरांना जन्मभर सांगत आले. तेव्हा मीही उघड्या डोळ्यांनी लिहून ठेवते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

१. माझे राहते घर आणि पुढची कामाची खोली माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला मिळावी. कागदोपत्री तिचे नाव वेगळे आहे, पण सगळे तिला मुंगी म्हणतात. लहानपणी मी तिला पहिल्या बेसवर उभे केले आणि बजावले, "काही झालं तरी बेस सोडायचा नाही." पुढच्याने चेंडू टोलवला, सगळे ओरडले, "पळ!" मुंगीने वाकून बेस म्हणून टाकलेले, तिच्याएवढे पायपुसणे उचलले, बगलेत मारले आणि दुसऱ्या बेसकडे धावली. तिने बेस सोडला नव्हता. तिला बाद कसे द्यायचे, हे मला आजही कळलेले नाही. घराबाबत एकच सूचना: स्वयंपाकघरातला नळ घट्ट पिळू नये, रुसतो.

२. बँकेतल्या ठेवीतून आधी माझे अंत्यसंस्कार साधेपणाने करावेत. उरेल त्यातून चामडे, मेणदोरा आणि चेंडू घ्यावेत. माझ्या नावाने पाटी, ढाल, करंडक असले काही करू नये.

३. रापी, आऱ्या, दाभणे, ठोकळे ही सगळी हत्यारेही मुंगीलाच. बाजारातले ग्लोव्ह मोठ्यांच्या मापाचे असतात, त्यांत लहान पोराचा हात हरवून जातो. म्हणून मी प्रत्येकाचा पंजा कागदावर गिरवून घेते आणि त्या मापाचा ग्लोव्ह शिवते. हे कागद माझ्या खोलीच्या भिंतीवर आहेत. ते ज्याचे त्याला परत द्यावेत. त्यांतली काही माणसे आता बाप्ये झाली आहेत, एक जण मिशा पिळतो. त्यांना म्हणावे, आताचा हात त्या कागदावर ठेवून बघा. मग काही बोलू नका.

४. घरामागची मोकळी जागा, म्हणजे पोरांचे मैदान. ही वडिलांनी मला दिली आणि रस्त्याकडचे दुकान भावाला. तेव्हापासून त्याला वाटते, ताईला जास्त मिळाले. पुढे त्याचा मालवाहतुकीचा धंदा वाढला, ट्रक उभे करायला जागा पुरेना. त्याने माझी मागितली, मी नाही म्हटले. त्यावर तो जे बोलला ते इथे नोंदवते. "ताई, चेंडू फेकायला काय शिकवायचं असतं? माकडंही फेकतात. गुडघ्यांवर बसून तू नुसती माती झिजवतेस." तेव्हापासून आमचे बोलणे कामापुरते. या जागेतले ढेकूळही त्याला मिळू नये, अशी माझी इच्छा आहे.

काय शिकवायचे असते ते आता सांगते, कारण मृत्युपत्रात मधे कोणी बोलू शकत नाही.

लहान मुलाला उभ्याने चेंडू टाकला तर तो आभाळातून येतो. म्हणून आपण गुडघे टेकायचे, म्हणजे तो त्याच्या डोळ्यांसमोरून येतो. चेंडू आधी मोज्यांचा, गुंडाळून शिवलेला. फेकताना कोपर खांद्याच्या वर, दुसरा हात ज्याला द्यायचा त्याच्याकडे. बॅट नंतर, चेंडू उभ्या रोवलेल्या रबरी नळीवर ठेवून. टोलवल्यावर पोर बेस विसरते आणि आपलाच चेंडू आणायला धावते. त्याला हसायचे नाही. हे सगळे सोपे आहे. अवघड एवढेच की अंगावर काही येऊ लागले की जिवंत प्राणी डोळे मिटतो आणि मान फिरवतो. देहाला हे कोणी शिकवलेले नसते. आणि मग एक दिवस ते पोर डोळे उघडे ठेवते. येणाऱ्या वस्तूकडे हात पुढे करते. चेंडू बसतो. त्या क्षणी मूल चेंडूकडे बघत नाही, स्वतःच्या हाताकडे बघते; हा माझाच का, असे. मी हे किती पोरांचे पाहिले असेल, तरी प्रत्येक वेळी माझ्या अंगावर काटा येतो. देऊळ कशासाठी बांधतात, ते मला त्या वेळी समजते.

५. वरचे लिहून मी मैदानातल्या बाकावर जाऊन बसले. मला चेंडू टाकायला डॉक्टरांची बंदी आहे, मुंगी मोठ्या पोरांना बॅट धरायला शिकवत होती. तेवढ्यात भाऊ आला, हातात मोजायची फीत. माझ्या शस्त्रक्रियेचे ऐकून तो जागा मोजायला आला होता, हे मी मुद्दाम लिहिते. मोज्यांचा एक चेंडू घरंगळत त्याच्या पायाशी गेला. त्याने तो उभ्यानेच पोस्टमनच्या मुलीकडे फेकला. ही आमच्यातली सगळ्यांत लहान. चेंडू दिसला की डोळे मिटून कान झाकते.

ती म्हणाली, "काका, असं नाही. खाली बसा."

"खाली कुठे?"

"खाली म्हणजे खाली. आत्या बसते तसं."

"अगं, इस्त्रीची पँट आहे."

"मग घरी जाऊन धुवा."

त्याने माझ्याकडे पाहिले. मी झाडाकडे. मग त्याने एक गुडघा टेकला, हात मातीत रोवला, "आई गं" म्हणत दुसरा टेकला. टाकला. तिने कान झाकले. पुन्हा टाकला, पुन्हा कान.

"डोळे उघड की गं."

"तुम्ही हळू टाका की."

त्याने अगदी हळू टाकला. तिने पकडला आणि आपल्या हाताकडे बघत राहिली. भाऊ तसाच गुडघ्यांवर. फीत मातीत उलगडून पडलेली.

तिथूनच म्हणाला, "ताई, तिने पकडला."

"पाहिलं."

"नाही, पण ताई, पकडला तिने."

जाताना मात्र म्हणाला, "ट्रकचं काहीतरी बघावं लागेल हं." माझाच भाऊ तो. फीत विसरून गेला. मुंगीने त्या फितीने बेसमधली अंतरे नीट करून घेतली.

म्हणून कलम चारची शेवटची इच्छा मी मागे घेते. जागेची मालकी मुंगीची. भिंतीलगतच्या कडेला भावाने तहहयात ट्रक उभे करावेत. अट अशी: सरावाआधी मैदान मोकळे हवे, आणि सरावाच्या दिवशी त्याने स्वतः गुडघ्यांवर बसून सगळ्यांत लहान पोराला चेंडू द्यावा, ते पकडेपर्यंत. ड्रायव्हरला पाठवून चालणार नाही. ज्या दिवशी तो उभ्याने टाकेल, त्या दिवशी ट्रक बाहेर.

दुसऱ्या दिवशी मृत्युपत्र तपासायला आलेल्या वकीलबाई हे वाचून म्हणाल्या, "ताई, ही अट कोर्टात टिकायची नाही."

म्हटले, "कोर्टाचं राहू द्या. त्याच्यात टिकेल."

माकडांचे वाक्य मी खोडलेले नाही. मृत्युपत्रात खाडाखोड चालत नाही, आणि ते वाक्य मला आवडू लागले आहे.

६. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. मी बरी होऊन उठले, तर मीच करून घेईन.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, म्हणून सही करते.

सही: पिशव्या शिवणारी, पोरांची आत्या

साक्षीदार: शेजारचे शिंपी. आमच्यादेखत सही झाली.

साक्षीदार: डॉक्टर. सही करणारी बाई पूर्ण शुद्धीत आहे, हे मी तपासून लिहितो. सही अर्धी झाली असता ती उठून खिडकीशी गेली आणि मैदानात गुडघ्यांवर बसलेल्या भावाला उद्देशून "कोपर वर, रे!" असे ओरडली. बाहेरून "बरं, बरं" असे उत्तर आले. मग तिने उरलेली सही पूर्ण केली.

ठिकाण: कामाची खोली, मैदानाकडची खिडकी
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा रविवार, सरावाची वेळ