गुळाची तुला

आबा, आज सकाळी माझं वजन वाढलेलं निघालं. कालच शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या होत्या, "अवो, अंगानं भरून राहिल्या तुमी. चेहऱ्यावर तेज आलं बघा." दुसरी कोणी असती तर सुखावली असती. मी घरात आले, दार लोटलं आणि खुर्चीवर बसून आधी पायाची बोटं बघितली. जोडवी रुतली होती. तुमचाच आजार मला लागलाय, आबा. दोन वर्षांमागं छातीत कळ येऊन गेली आणि तेव्हापासून हृदय थकलंय. जेवढं रक्त पुढं ढकलायला हवं तेवढं ते ढकलत नाही, मग अंगात पाणी साठतं. पायात, पोटात, शेवटी छातीत. वजन असं एकदम वाढलं की पाणी भरलं असं समजायचं आणि लगेच फोन करायचा, हे डॉक्टरीणबाईंनी मला इतक्यांदा बजावलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. फोन समोर टेबलावर पडलाय. मी मात्र कागद ओढून तुम्हाला लिहायला बसले. कारण फोन केला तर त्या म्हणतील दाखल व्हा, आणि दाखल व्हायला गेलेलं माणूस परत घरी येतं यावर माझा काही केल्या विश्वास बसत नाही. तुम्ही दुसऱ्या खेपेला आला नाहीत.

तुम्ही मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात, मापाडी होतात. हळदीच्या दिवसांत गावागावांतून माल यायचा, अडतीपुढं ढीग लागायचे, आणि तुम्ही काट्याशी उभे राहून पोत्यामागून पोतं तोलायचात. सदऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत सगळे पिवळे. मी डबा घेऊन आले तरी तुम्ही हातानंच थांब म्हणायचात, कारण काटा स्थिर झाल्याशिवाय तुम्ही कोणाशी बोलत नव्हतात. तो ठरला की मोठ्यानं "बराबर!" म्हणायचात, आणि शेतकरी, अडत्या, दोघंही मान डोलवायचे. त्याचा तुम्हाला तोरा होता आणि आम्हाला तुमच्याहून जास्त. मग एका उन्हाळ्यात काट्याशीच छातीत कळ आली. हमालांनी उचलून रिक्षात घातलं आणि तिथून नांदेडला नेलं. परत आलात तेव्हा ओळखू येत नव्हतात, गळ्याचं हाड वर आलेलं, सदरा अंगावर लोंबणारा. आईनं दारातच तोंडाला पदर लावला आणि उभ्या उभ्या नरसीच्या देवाला बोलून टाकलं, "यांचं वजन पहिल्यावानी होऊ दे, गुळानं तुला करीन."

नांदेडच्या डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं, वजनावर लक्ष ठेवा. कशासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? आपल्याकडं दुखणं म्हणजे माणूस वाळणार आणि बरं होणं म्हणजे अंग धरणार. आई रोज तुमच्या मनगटाकडं बघायची. थोडं बरं वाटू लागलं तसे तुम्ही पुन्हा मोंढ्यात जायला लागलात आणि गोळ्या एकेक करून सुटत गेल्या. सगळ्यात आधी सुटली ती लघवीची गोळी. मला ते भांडण अजून ऐकू येतं. आई हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी आहे आणि तुम्ही टोपी घालून दारात चिडलेले आहात. "काटा सोडून किती बारी उठू? मापाडी घडीघडी उठला की लोकायच्या मनात शंका येते. म्हणतील, माप मारून राहिला." आईनं तांब्या खाली ठेवला. तुमच्या कामातली अब्रू तिलाही तुमच्याएवढीच प्यारी होती. मीठ बंद केलं होतं, तर ती भाजीत सैंधव घालायची. सैंधव उपासाला चालतं, मग दुखण्याला न चालायला काय झालं? आणि महिन्याभरानं तुम्हीच म्हणालात, "आता काहून गोळ्या? मी काय बिमार हाय का?" खरंच दिसत नव्हतात. गाल वर आले होते. हमाल तुम्हाला धरून भुईकाट्यावर उभं करायचे आणि ओरडायचे, "सरका, सरका, मापाड्याचं माप घ्या!" आकडा वाढला की सगळा मोंढा हसायचा. "आबा, दुसऱ्या लग्नाची तयारी करून राहिले का?" तुम्ही घरी येऊन आईला तेवढंच सांगायचात, किती भरलो ते. ती देवापुढं हात जोडायची आणि त्या दिवशी घरात काहीतरी गोड व्हायचं.

मी तेव्हा सातवीत होते. त्या दिवसांइतके तुम्ही मला कधी मिळाला नव्हतात. काम निम्म्यावर आणलं होतं, दुपारी घरी असायचात. भिंतीला गोधड्यांचा ढीग लावून त्याला टेकून बसल्या बसल्या झोपायचात. आडवं झालं की जीव घाबरा होतो म्हणायचात, आई म्हणायची, अंग जड झालंय ना आता. जाग आली की मला पाय चेपायला बोलवायचात. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. मला त्याची भारी गंमत वाटायची. मी एकाखाली एक खळगे पाडायचे आणि प्रत्येकात ज्वारीचा एकेक दाणा ठेवायचे. तुम्ही डोळे मिटल्या मिटल्या हसायचात. "बापाच्या पायावर पेरणी करून राहिली का गं?" मी म्हणायचे, पीक आलं की तुम्हीच तोला. आम्ही दोघं खूप हसायचो, आणि हसता हसता तुम्हाला खोकल्याची ढास लागायची.

दिवाळीनंतर नरसीला तुला झाली. देवळासमोर तीन बांबूंच्या तिकटीला मोठा तराजू टांगला होता, तोही मोंढ्यातलाच. बसायच्या आधी तुम्ही त्याच्याभोवती फिरून दांडी बघितलीत, साखळ्या ओढून बघितल्यात, पारड्याखाली खडा अडकलाय का ते वाकून बघितलंत. वाकल्यावर तुम्हाला उठवायला दोघं लागले. मग तुम्ही मांडी घालून पारड्यात बसलात आणि पलीकडं गुळाच्या ढेपा चढायला लागल्या. आईनं मनाशी धरलेल्या ढेपा संपल्या तरी तुमचं पारडं खालीच. तिच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "टाका, अजून टाका! पहिल्यापक्षा जास्त झाले!" कोणीतरी दुकानातून आणखी ढेप आणली. दांडी हळूहळू सरळ झाली, आणि तुम्ही पारड्यातूनच मान वर करून बघितलंत आणि मोठ्यानं म्हणालात, "बराबर!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाजूला गूळ, एका बाजूला तुम्ही. तुमच्यातलं किती तुम्ही होतात आणि किती पाणी, हे तिथं उभ्या असलेल्या एकालाही कळलं नाही, आयुष्यभर तोलत आलेल्या तुम्हालाही नाही. उतरल्यावर तुमचे पाय चपलेत जाईनात. आई म्हणाली, देवाच्या दारातून अनवाणीच जावं.

घरोघरी वाटलेला तो गूळ संपायच्या आत तुम्ही गेलात. सकाळी पाणी भरताना तुमचा श्वास अंगणापर्यंत ऐकू आला. जीप आणली. जीपमध्ये चढताना तुम्ही मला म्हणालात, "शाळा बुडवू नको. हवा अडकली जराशी. सांजच्याला येतो." ओठ निळे झाले होते आणि तुम्ही हसत होतात. नंतर भेटायला येणारं प्रत्येक माणूस एकच बोलत होतं, तब्येत तर चांगली सुधारली होती हो, मग असं कसं झालं? आईनं तो प्रश्न जन्मभर विचारला. शेवटी शेवटी ती देवालाच बोल लावायची, नवस पुरता फेडला तरी नेलं म्हणून.

मला याचा उलगडा झाला तो पार पन्नाशीत, हिंगोलीतल्या दवाखान्यात. मी विचारलं होतं, गोळ्यांचा कोर्स किती दिवसांचा? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, हा ताप नाही, आला आणि गेला. हा आता तुमच्यासोबतच राहणार. रोज सकाळी वजन, जेवणात मीठ कमी, पाणी मोजून, आणि गोळ्या कायमच्या. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नाही. गोळी आहे म्हणून बरं वाटतंय." मग त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि पडलेला खळगा मला दाखवला. "हे पाणी. वजन वाढलं तर खूष होऊ नका, मला फोन करा." मी तिथंच हुंदके देऊन रडायला लागले. त्यांना वाटलं, कायमच्या म्हटल्याचं रडते आहे. पाणी पुढं करून म्हणाल्या, नीट सांभाळलं तर लोक वर्षानुवर्षं चांगले जगतात. मी त्यांना काय सांगणार, की माझ्या डोळ्यांसमोर ज्वारीचे दाणे होते.

तेव्हापासून सगळं नीट करते आहे. यांनी माझ्यासोबत स्वतःचंही मीठ कमी केलं आणि रोज पहिल्या घासाला असं तोंड करतात की जसं मीच त्यांना विष घातलंय. पण तुमच्यापासून काही सुटका होत नाही, आबा. लोकांची गेलेली माणसं स्वप्नात येतात, तुम्ही माझ्या पायात येता. सकाळी काट्यावरून उतरले की नडगी दाबून बघायची. खळगा पडला, की तो भरून येईपर्यंत मी तुमच्या गोधड्यांशी बसलेली असते आणि तुम्ही डोळे मिटून हसत असता. मला ते हसू नको असतं आणि हवंही असतं. आज तो खळगा लवकर भरला नाही. मी अंगठा काढून बसून राहिले आणि तुमचा श्वास मला इतका स्पष्ट ऐकू आला, की मी मागं वळून बघितलं.

इथवर लिहिलं आणि हे आत आले. कागदाकडं बघितलं, फोनकडं बघितलं, म्हणाले, "केला का फोन?" मी म्हटलं, करते. "करते काय? आत्ता कर. मी इथंच उभा राहतो." उभे राहिले. मग लावला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दम लागतोय का, आडवं झोपता येतंय का, कुठं खारट खाणं झालं का. मी सांगितलं, डोहाळजेवणाला गेले होते, पापड खाल्ले, लोणचंही. त्या हसल्या. "बरं केलंत लवकर कळवलंत. लघवीची गोळी आज एक जास्त घ्या, आणि उद्या वजन करून इकडं या, तपासू. घाबरण्यासारखं काही नाही." फोन ठेवला तर एक चहा होईल एवढाही वेळ गेला नव्हता.

एवढंच होतं, आबा. तुम्ही सोडलेली तीच गोळी. मी ती हातात घेऊन मोरीपाशी उभी राहिले आणि मला तुमचा इतका राग आला, आईचा आला, नांदेडच्या त्या डॉक्टरांचा आला, टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांचा आला. मग गोळी घेतली. यांनी विचारलं, कोणाला एवढं लिहून राहिली? मी म्हटलं, आबांना. यांनी माझ्या हातातला पाण्याचा पेला परत घेतला.

लिहायला बसले तेव्हा वाटत होतं, हे सगळं तुम्हाला एकदा सांगायलाच हवं. आता तसं वाटत नाही. आपण बरे झालो, पहिल्यापेक्षा चांगले झालो, अशा समजुतीत तुम्ही जीपमध्ये चढलात, आणि ती मोडायला तुमच्याजवळ कोणी आलं नाही. तुमच्यापर्यंत कागद पोचवायची काही सोय असती, आबा, तरी हा मी धाडला नसता.