आठ दिवस पुरेल असा फोन

३ फेब्रुवारी

बाबा आज डोंगरावरून उतरले. फोन दुसऱ्याच दिवशी संपला होता— माझाच जुना, मोठ्या काचेचा, मीच हौसेने दिलेला! वणव्यावर नजर ठेवायला ते आठ दिवस मनोऱ्यावर असतात, मग दोन दिवस घरी. वर वीज नाही. वायरलेस आहे, पण तो ऑफिसचा, घरच्या गप्पांसाठी नाही. गेल्या वर्षी तीन दिवस तापाने फणफणत होते. मला कळलं ते खाली आल्यावर. आई गेल्यापासून त्यांना विचारणारी मी एकटीच.

आणि प्रयोगशाळेच्या कोर्सला माझी निवड झाली आहे. दुसऱ्या शहरात, दोन वर्षं. २८ तारखेपर्यंत होकार कळवायचा.

ठरवलं. आठ दिवस पुरेल असा फोन मिळाला तर जाईन. नाही तर नाही. आत्याला सांगितलं तर म्हणाली, 'बाबांची कसली एवढी काळजी? सरळ जा!' तिला काय जातंय.

४ फेब्रुवारी

चार दुकानं पालथी घातली. शेवटच्यात दोन तास. खोक्यावर लिहिलंय 'वीस दिवस'. वीस दिवस कोणी वापरून पाहिलंय? बॅटरी केवढी? काढता येते का? बटणं बाबांच्या अंगठ्याला पुरतील का? दुकानदार आधी हसला, मग बसला, मग त्याने चहा मागवला— स्वतःपुरता.

आत्या कंटाळली. 'अगं, फोन बघतेस की नवरा?'

म्हटलं, नवरा असता तर एवढं बघितलं नसतं. दुकानदाराला ठसकाच लागला!

घेतला. काळा, जाडजूड, बटणांचा, टॉर्चवाला. किमतीत जवळजवळ सगळ्यांत खालचा आणि बॅटरी मात्र दुकानात सगळ्यांत मोठी! नंबर घालून दिले तीन— मी, आत्या, ऑफिस.

६ फेब्रुवारी

बाबा काल वर गेले. फोन बंद.

७ फेब्रुवारी

बंद. अकरा वेळा लावला.

८ फेब्रुवारी

राहवेना. वनखात्याच्या ऑफिसात जाऊन आले. कारकून म्हणाला, 'रोज सकाळी वायरलेसवर हजेरी देतात. ठणठणीत आहेत. आज तर गाणं गुणगुणत होते.'

बाबा? गाणं? दुसरंच कोणी असेल. पण सुखरूप आहेत. मग फोन का बंद? माझी निवड चुकली. इतकं बघूनसुद्धा चुकली!

१३ फेब्रुवारी

बाबा आले. दारातूनच फोन उंच धरला. 'बघ! आठ दिवस झाले, बॅटरीची एक कांडी हलली नाही!'

बंद ठेवला होता. बॅटरी वाचावी म्हणून!

'अहो, मग मी लावायचा कसा?'

'हे लक्षातच नाही आलं.'

चिडावं की हसावं? आत्या तर हसून हसून खालीच बसली. 'माझा भाऊ तो! भर पावसात छत्री भिजू नये म्हणून काखेत धरणारा!'

१५ फेब्रुवारी

पुन्हा वर गेले. फोन क्षणभरही बंद करायचा नाही, अशी शपथच घ्यायला लावली.

१६ फेब्रुवारी

लागला! पहिल्याच रिंगला उचलला! 'हॅलो' एवढ्या जोरात की फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

आता रोज दोनच मिनिटं. घड्याळ लावून.

२३ फेब्रुवारी

जिंकले! आठवा दिवस आणि फोन चालू! बाबा फाटकातून आत आले तेव्हा मी मुद्दाम ओट्याशी उभी राहून लावला. त्यांच्या खिशात वाजला!

पण कांडी एकच उरली आहे. एकच का? दोन-दोन मिनिटांचे सात फोन म्हणजे चौदा मिनिटं. तीन कांड्या तरी उरायला हव्यात. हिशेब जुळत नाही. बॅटरीत खोट असेल तर? मी तिकडे गेल्यावर चौथ्याच दिवशी संपला तर?

२४ फेब्रुवारी

फोन घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने मला पाहून आधी चहाच सांगितला. या वेळी दोन.

त्याने बटणं दाबली, झालेल्या फोनांची यादी काढली आणि माझ्यापुढे धरली. 'बॅटरी बघा ताई! रोज पाऊण तास बोलूनही आठ दिवस! याची तर जाहिरात करायला हवी.'

पाऊण तास?

यादीत माझं नाव होतं, दोन दोन मिनिटं. त्याच्या वर-खाली सगळीकडे एक चौथं नाव, मी न घातलेलं— 'रोपवाटिका'. त्रेचाळीस मिनिटं. एक्कावन्न. अडतीस. रोज संध्याकाळी.

घरी येऊन विचारलं.

'डोंगराच्या पायथ्याशी आहे. खात्याचीच. रोपांची चौकशी करतो.'

'एक्कावन्न मिनिटं?'

'रोपं बरीच आहेत.'

बाबा चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, 'तिथल्या बाई एकट्याच असतात. वर्ष झालं ओळखीला. तापात त्यांनीच वर डबा आणला होता. तुला कसं सांगावं कळेना. आधीच तू किती काळज्या करतेस!'

कान गरम झाले. वर्षभर मी यांच्या एकटेपणाची काळजी वाहत होते!

२६ फेब्रुवारी

सकाळी कॉलेजला होकार कळवला. मग दुकानात जाऊन तसाच दुसरा फोन घेतला— लाल. बाबा म्हणतात, बोलणं अर्धवट राहतं ते त्या बाईंच्या फोनमुळे. आपला कधीच आधी संपत नाही!