मामाच्या टकलाची माफी मागणार नाही

ओरुरो,
कार्निव्हलच्या आधीचे दिवस

आदरणीय एलिओदोरोदादा यांस,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे कासिल्दाचा, वाकून नमस्कार. तुझा रक्तदाब कसा आहे, नेलिदावहिनींचा गुडघा काय म्हणतो, कोचाबाम्बाला यंदा पीच गोड निघाले का, हे सगळं मी मनापासून विचारते आहे. उत्तर येईपर्यंत थांबायला सवड नाही, म्हणून सगळं उत्तम आहे असं धरून चालते. इकडे वॉल्टरची कंबर होती तशीच आहे, आई दिवसभर ओरडते आहे म्हणजे तिची प्रकृती छान आहे, आणि फेदलीनचा पुढचा एक दात हलायला लागला आहे. तर नमस्कार झाला, चौकशी झाली, आणि इथे आदर संपला.

तुझा फोनवरचा निरोप ऐकला. माणसाने एका दमात एवढं बोलू नये, दादा. बाजारातल्या बायकांच्या संघटनेची अख्खी सभा मी त्याहून कमी वेळात उरकते (आणि 'कासिल्दाला माइक दिला की जेवणं थंड होतात' असं गावभर सांगत फिरणारा तूच). निरोपाचा सारांश मी असा काढला: सुक्रेला आपल्या नात्यातल्या सेनोबियाच्या लग्नात माझ्या मुलीने चारचौघांत तुझ्या टकलाकडे बोट दाखवलं, शेजारी उभ्या असलेल्या वहिनींच्या दंडाला चिमटा काढला आणि 'नशीब!' म्हणून ओरडली. मग तू जिथे जाशील तिथे पाहुणे एकमेकांना चिमटे काढू लागले. तू केक कापायच्या आत तणतणत निघून गेलास. आता मी लेखी माफी मागितल्याशिवाय फेदलीनच्या जावळाला तू कात्री हातात धरणार नाहीस. लेखी हवं होतं ना? हे घे लेखी. माफी मात्र यात शोधत बसू नकोस, चष्म्याचा नंबर वाढेल.

नस तू बरोबर दाबलीस. आपल्याकडे थोरल्या मामाने पहिली बट कापल्याशिवाय दुसरं कुणी कात्रीला शिवत नाही, आणि जावळ झाल्याशिवाय आपल्या आईच्या लेखी मूल घरातलं होत नाही. गेल्या कार्निव्हलच्या मंगळवारी घराच्या चारी कोपऱ्यांत दारू शिंपडताना आईने एकेकाचं नाव घेतलं. तुझं घेतलं, माझं घेतलं, मेलेल्या बाबांचं घेतलं, वॉल्टरच्या ट्रकचंसुद्धा घेतलं. फेदलीन माझ्या कडेवर कान टवकारून वाट बघत होती. शेवटी तिने स्वतःच आजीला आठवण करून दिली, "फेदलीन राहिली." आई म्हणाली, "पाहुण्यांचं नाव घेत नाहीत गं राणी. जावळ होऊ दे, मग घेते." हैतीच्या न्यायाधीशाने सांगितलं मुलगी माझी, आपल्या न्यायाधीशाने सांगितलं माझी, आणि माझ्या सख्ख्या आईला मधे कात्री हवी! यावर मी तिच्याशी वाद घातला (अर्धा रविवार). ती भाजी निवडत राहिली.

आता चिमट्याचा इतिहास सांगते, कारण तू तो सोयीस्करपणे लग्नापासून सुरू करतोस. तो सुरू होतो एल आल्तोच्या विमानतळावर. वॉल्टर मदतीचे ट्रक दुरुस्त करायला हैतीला गेला, तिथल्या अनाथालयात ही त्याच्या पाना-पकडींच्या पेटीवर येऊन बसायची, आणि पुढे कोर्टकचेरीत आमच्या दोघांच्या चपला झिजल्या, ते सगळं तुला ठाऊक आहे. शेवटी तो दिवस उजाडला. वॉल्टर तिला खांद्यावर घेऊन दारातून बाहेर आला. तुझ्या हातात फुगा होता. आणि तू, शाळेत विज्ञान शिकवणारा तू, मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारा तू, वहिनींच्या दंडाला चिमटा काढून म्हणालास, "काळी पोर! नशीब, नशीब!" वहिनी "आई गं" करून कळवळल्या. मी तिथल्या तिथे तुला झापलं. तेव्हा काय म्हणाला होतास? "अगं, प्रेमाने गं. आपली पद्धतच आहे ती. कुणाला लागलं का?" हे वाक्य जपून ठेव, दादा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

त्या दिवसापासून माझी मुलगी या देशात जिथे जाते तिथे माणसं तिच्याकडे बघतात आणि शेजाऱ्याला चिमटा काढतात. तिच्याशी कुणी वाईट बोलत नाही. बोलले असते तर मी एकेकाला बघून घेतलं असतं. हे लोक हसतात! खूश होतात! मांजर आडवं गेलं की थांबावं, तशी ही काळी पोर दिसली की चिमटा, म्हणे नशीब उघडतं. तिला बिचारीला पहिले कित्येक महिने वाटत होतं की ओरुरोत नमस्कार असाच करतात. म्हणून तीही भेटेल त्याला चिमटा काढायची. पोस्टमनला काढला, दंतवैद्याला काढला, चर्चच्या दारात पाद्रीबाबांना असा काढला की त्यांचा आशीर्वाद अर्ध्यावर राहिला.

सुक्रेच्या बसप्रवासाचं तर विचारूच नकोस (तू विचारलं नाहीस, तुला फक्त तुझ्या डोक्याची पडली आहे). आम्ही बसलो आणि पुढच्या बाकावरच्या बाईने मागे वळून पाहिलं. मग नवऱ्याला चिमटा. नवरा झोपला होता, तो दचकून उठला तर म्हणाली, "उठा हो, नशीब बसलंय मागे आणि तुम्ही घोरताय." बघता बघता अख्खी बस दंड चोळायला लागली. पलीकडच्या रांगेतली एक आजी मला फार अदबीने म्हणाली, "ताई, मुलीला जरा खिडकीतून या बाजूला बसवता का? आमच्या बाजूच्यांना नीट दिसत नाही." नीट दिसत नाही! जत्रेतला पाळणा आहे का माझी मुलगी?

चायापाताच्या पुढे रास्ता रोको लागला. टायर जळत होते, दगड मांडले होते, गावकरी पाण्यासाठी बसले होते. अगदी रास्त मागणी होती, मी खिडकीतूनच घोषणा द्यायला सुरुवात केली. त्यांचा म्होरक्या आत डोकावला. त्याला फेदलीन दिसली. त्याने शेजारच्या गड्याला चिमटा काढला आणि ओरडला, "ए, दगड काढा रे! या बसमध्ये नशीब आहे, हिला अडवलं तर आपलं पाणी अडेल!" दादा, मी खाली उतरले. मी म्हणाले, "भावांनो, तुमचा लढा खरा आहे, आम्हाला अडवा!" म्होरक्या म्हणाला, "ताई, बसा ना गुपचूप, सोडतोय ना." मी म्हणाले, "सोडू नका!" मग बसमधल्या चार बायकांनी मला घागऱ्याला धरून आत ओढलं आणि ड्रायव्हरने गिअर टाकला. आयुष्यभर मी रस्ते अडवायला पुढे असते. पहिल्यांदाच अडवलेला रस्ता ओलांडून गेले, तोही माझ्या मुलीच्या रंगाच्या जोरावर. या अपमानाबद्दल मी कुणाकडे लेखी माफी मागू?

पुढे पोतोसीचा डोंगर खिडकीत दिसायला लागला तेव्हा माझा तोल सुटला. मी सामानाच्या फळीला धरून मधल्या वाटेत उभी राहिले आणि बोलले. याच डोंगरातल्या चांदीसाठी समुद्रापलीकडून माणसं साखळदंडात बांधून आणली, टांकसाळीत खेचरं मरायची तिथे त्यांना जुंपलं, ती इथल्या थंडीत मेली, आणि त्यांच्या रंगाची एक पोर आज इथे बसून बिस्कीट खाते आहे तर तुम्ही तिच्याकडे बघून स्वतःचं भलं मागता! असं बोलले, दादा, की ड्रायव्हरने रेडिओ बंद केला. पुढच्या बाकावरची ती बाई डोळे पुसत होती. एका म्हाताऱ्याने उभं राहून टाळ्या वाजवल्या. "काय बोलता हो ताई!" तो म्हणाला. "अंगावर काटा आला. एवढी शहाणी आई, आणि वर अशी मुलगी!" आणि त्याने शेजाऱ्याला चिमटा काढला.

आता सुक्रेची सकाळ. मी लॉजवर फेदलीनच्या वेण्या घालत होते (तिच्या डोक्यावर बारीक बारीक वेण्या घालायला मी शिकले, त्याला धीर लागतो आणि तिला एका जागी बसवायला सगळी संघटना लागते). तिने मधेच विचारलं, "आई, मला बघितलं की सगळ्यांना नशीब मिळतं?"

मी म्हणाले, "लोक काहीतरी वेड्यासारखं बोलतात."

"मग मी कुणाला बघू?"

मी म्हणाले, "काय?"

"मला नशीब पाहिजे तर मी कुणाला बघू?"

दादा, असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. महापौरांनी नाही, पोलिसप्रमुखाने नाही. मी वेणी घालत बसले. ती उठून आरशासमोर गेली, स्वतःकडे बघितलं, स्वतःच्या दंडाला चिमटा काढला आणि थोडी वाट पाहिली. मग म्हणाली, "नाही होत."

त्याच दुपारी लग्न. वाजंत्री, बियरच्या पेट्या, आणि नातेवाईक एकमेकांच्या डोक्यावर मुठी मुठी पांढरे कागदाचे कपटे घालत होते. सगळ्यांच्या केसांत ते बर्फासारखे बसले. तुझ्या डोक्यावरून मात्र घसरून कॉलरमध्ये शिरले. आपल्या घराण्यात पुरुष ऐंशीव्या वर्षीही घोड्याच्या शेपटीसारखे केस घेऊन मरतात, तूच काय तो देवाने वेगळा काढलेला. त्या सगळ्या मांडवात तुझ्यासारखं दुसरं डोकं नव्हतं. फेदलीन थबकली. तिने तुला खालून वर पाहिलं. तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं केक आला. मग पुढचं तुला माहीत आहे.

आणि त्यावर तू म्हणतोस, तिने तुझा अपमान केला! तिने केलं तेच, जे तू विमानतळावर केलंस. तेच बोट, तोच चिमटा, तोच शब्द. प्रेमाने रे दादा, आपली पद्धतच आहे ती. कुणाला लागलं का? लागलं ना? लोक तुझ्याकडे बघून शेजाऱ्याला कोपर मारत होते, तू वळलास की हसू दाबत होते, तुझ्याशी बोलायच्या आधी तुझ्या डोक्याशी बोलत होते. एकाच दुपारी तू केक सोडून पळालास. तू बासष्ट वर्षांचा, मास्तर, पेन्शनवाला. ती पाच वर्षांची आहे आणि रोज सकाळी उठून त्याच रस्त्याने बालवाडीत जाते. तिला कुठे पळू देतोस?

म्हणून माफी नाही. तुझी कात्रीही नको. आम्ही जावळ कार्निव्हलच्या आधीच्या रविवारी करणार आहोत, कोकरू ठरलं आहे, बँडवाल्यांना सांगितलं आहे, आणि पहिली बट वॉल्टर कापेल. तू कोचाबाम्बात बसून पीच खा. आपले मार्ग इथे वेगळे झाले असं समज. वहिनींना नमस्कार, त्यांच्या दंडाला आयोडेक्स चोळ.

तुझी (नाइलाजाने) बहीण,
कासिल्दा

ता. क. वॉल्टर कात्री धरणार नाही. आईने त्याला सांगितलं आहे की थोरला मामा जिवंत असताना जावयाने बट कापली तर ती घर सोडून कायमची तुझ्याकडे राहायला येईल. पोपटासकट. मी तुझ्यावर दबाव आणत नाही, फक्त कळवते आहे.

ता. क. दुसरा. मी माघार घेतलेली नाही, पण खरं ते लिहिते. मी फेदलीनला म्हणाले, मामा येणार नाही, आपण संघटनेच्या अध्यक्षबाईंना बोलावू, किंवा तुझ्या आवडत्या डॉक्टरकाकांना. ती दोन्हींना नाही म्हणाली. "मामाच पाहिजे. तोपण एकटाच आहे ना तसा." मग विचारलं, "मामा रागावलाय?" मी म्हणाले, हो. ती म्हणाली, "मग मी कुणाला चिमटा नाही काढणार. नुसतं बघेन." माझी भाषणं बसमध्ये चालत नाहीत, आईपुढे चालत नाहीत, पण घराण्यात तू एक वाक्य बोललास की सगळे ऐकतात, हे मला मान्य करावं लागतं आणि त्याचा मला फार राग येतो. तेव्हा रविवारी ये. सगळ्यांसमोर कात्री घे, पहिली बट काप (अगदी टोकाची, वेणीला धक्का लागला तर तुझी खैर नाही), आणि मोठ्याने सांग की या मुलीकडे बघून यापुढे कुणी कुणाला चिमटा काढायचा नाही. मग आईला मंगळवारी तिचं नाव घ्यावंच लागेल.

ता. क. शेवटचा. वहिनी सांगत होत्या की लग्नाहून आल्यावर तू मोठ्या काठाची टोपी घेतलीस आणि जेवतानाही काढत नाहीस. ती घालून आलास तर दारातून परत पाठवीन. मी अंधश्रद्धेच्या विरोधात आहे, कालही होते, उद्याही असेन. पण वर्षभर सगळा गाव तिच्याकडे बघून आपापलं नशीब उचलून नेतोय, एक दिवस तिलाही मिळू दे. उघड्या डोक्याने ये. तिच्या चिमट्यासाठी मी माझा दंड पुढे करीन.